शाकाहारी घरातलं ताट बदलायचंय: वाण्याच्या यादीपासून सुरुवात केली, पुढे काय?

मोहरी

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. तरीही पाचातल्या तिघांचे रिपोर्ट लाल शाईने रंगलेले. नानांना (सासरे) मधुमेहाच्या गोळ्या सुरू होऊन बरीच वर्षं झाली, नवऱ्याचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलंय आणि आईंना (सासूबाई) बीपी. डॉक्टर म्हणाले, भाज्या-कडधान्यं वाढवा, तेल-तूप-साखर कमी करा. आम्ही माना डोलावून घरी आलो, कारण आपण घासफूसच तर खातो अशी सगळ्यांची खात्री.

मग एके दिवशी मी वाण्याची महिन्याची यादी घेऊन बसले. तेल: पाच लिटरचा डबा आणि वर दोन पिशव्या, म्हणजे ७ लिटर. साखर ५ किलो. तूरडाळ २, मूगडाळ १, हरभराडाळ अर्धा आणि मटकी अर्धा किलो, म्हणजे सगळी डाळ-कडधान्यं मिळून ४ किलो. शिवाय रवा, मैदा, साबुदाणा, पोहे, फरसाण आणि बिस्किटांचे मोठे पुडे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात २००० कॅलरीच्या ताटाचं रोजचं माप दिलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे-तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध ३०० मिलि. आमच्या यादीला पाच माणसं आणि तीस दिवसांनी भागलं. डाळ माणशी जेमतेम २७ ग्रॅम. तेल ४२ ग्रॅम, आणि त्यात तूप धरलेलंच नाही. साखर ३३ ग्रॅम. ८५ ग्रॅमच्या हिशेबाने आमच्याकडे महिन्याला पावणेतेरा किलो डाळ-कडधान्य यायला हवं, येतं ४ किलो. भाजी रोज २ किलो हवी. आम्ही आणतो किलोभर, त्यातही अर्धे बटाटे, आणि जागतिक आरोग्य संघटना बटाटा भाजीत धरतच नाही.

तेव्हा ठरवलंय की ताटाचा मुख्य भाग भाज्या, कडधान्यं, भाकरी, फळं, दाणे असा अख्ख्या पदार्थांचा करायचा. दूध-तूप अगदी कमी, जमलं तर बंद. मैदा-साखर सणापुरते. प्रश्न ढीगभर आहेत. मुलगा दहावीत, उसळ म्हटलं की नाक मुरडतो. आईंना वरणभातावर तूप नसलं तर जेवल्यासारखं वाटत नाही. चहाचं काय करायचं ते कळत नाही. आणि दूध गेलं की कॅल्शियम, बी१२ कुठून आणायचं? ज्यांनी घरात हे केलंय त्यांनी लिहा. क्विनोआ आणि केलच्या पाककृती नकोत, प्लीज.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. प्रतिसादांची शंभरी नक्की.

साशंक

हे दर दोन वर्षांनी नवं खूळ येतं. आधी तूप वाईट, मग तूप चांगलं, आता पुन्हा वाईट. आमचे आजोबा दूध-तूप खाऊन नव्वदीपर्यंत ठणठणीत होते.

हुलगा

साशंक, माझं गाव मंगळवेढ्याजवळ. आमच्या घरी दोन म्हशी होत्या. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीच्या कॅनमध्ये जायचं, कारण रोख पैसा तोच. घरात राहायचं चहापुरतं, आणि लोणी काढून उरलेलं ताक. तूप दिवाळीला नाहीतर बाळंतिणीला. रोजचं जेवण म्हणजे शाळूची भाकरी, हुलग्याचं माडगं, करडईची नाहीतर अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. 'आजोबा दूध-तुपावर वाढले' हे बागायतदारांच्या घरचं असेल. जिरायती गावात फार थोड्यांच्या नशिबी होतं ते.

मोहरीताई, भाकरी करणार असाल तर मालदांडी ज्वारी घ्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. दळण एकदम जास्त करू नका. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा चिरतात आणि मग घरचे म्हणतात की भाकरी जमत नाही. आठवड्यापुरतंच दळा, आणि पीठ जुनं झालंच तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळा.

स्टेथो

मी डॉक्टर आहे, पण हा सर्वसाधारण सल्ला समजा. तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही बदलू नका.

सगळ्यात आधी नाना. त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखं सल्फोनिलयुरिया गटातलं औषध असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भात-साखर एकदम कमी केल्यावर रक्तातली साखर धोकादायक खाली येऊ शकते. घाम सुटणं, हात थरथरणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं घरात सगळ्यांना माहीत असू द्या. आहार बदलण्याच्या आधीच डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते डोस बघतील. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. सुरुवातीचे काही आठवडे घरी ग्लुकोमीटरवर साखर बघत जा. एचबीए१सी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे पंधरा दिवसांनी ती करून हुरळूनही जाऊ नका आणि खचूनही जाऊ नका.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पालेभाज्या, फळं आणि कडधान्यं वाढवण्याआधी पोटॅशियम तपासावं लागतं. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर पालेभाजी आज किलोभर आणि उद्या शून्य असं चालत नाही, प्रमाण रोज सारखं हवं.

आता बी१२. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, वनस्पती नाही. मोड आलेली मटकी, इडलीचं आंबवलेलं पीठ किंवा स्पिरुलिना यांच्यावर विसंबू नका. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी आपल्या शरीराला न चालणारं रूप. दूध बंद किंवा फार कमी करणाऱ्याने गोळी घ्यायचीच, त्यात तडजोड नाही. नाना मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर असतील तर त्यानेही बी१२ कमी होतं, म्हणजे त्यांची पातळी आजच तपासायला हवी. आणखी एक मेख म्हणजे पालेभाज्या-कडधान्यांत फोलेट भरपूर असतं. त्यामुळे बी१२ कमी असूनही रक्तक्षय दिसत नाही, पण आतून मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. पायाला मुंग्या येतात आणि लोक त्याचं खापर मधुमेहावर फोडतात.

मोहरी

स्टेथो, खूप आभार. नानांच्या पायाला मुंग्या येतात आणि आम्ही खरंच ते मधुमेहाच्याच खात्यात टाकलं होतं. या आठवड्यात तपासून घेते.

एडिसनकर

आम्ही न्यू जर्सीत दोघं आणि दोन मुलं. इथे या आहाराचा बराच बोलबाला आहे आणि त्यामागे संशोधनही आहे. डॉ. डीन ऑर्निश यांनी १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये हृदयरोग्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. अतिशय कमी चरबीचा शाकाहार दिल्यावर वर्षभरात रक्तवाहिन्यांतले अडथळे थोडे का होईना, मागे हटलेले अँजिओग्राफीत दिसले. नवऱ्याला हे वाचायला द्या.

साशंक

तो प्रयोग मीही वाचलाय. पन्नासच्या आत रुग्ण होते. आणि नुसता आहार कुठे होता? सिगारेट बंद, रोज चालणं, योगासनं, गटात बसून बोलणं, सगळं एकत्र. त्या आहारात स्निग्धांश काढलेलं दही आणि अंड्याचा पांढरा भागही चालत होता. मग श्रेय एकट्या पालेभाजीला कसं?

स्टेथो

साशंक यांचा मुद्दा रास्त आहे. त्या प्रयोगातून 'हे सगळं एकत्र केलं तर फरक पडतो' इतकंच म्हणता येतं. पण सॅच्युरेटेड फॅट (तूप-लोण्यासारखी थिजणारी चरबी) कमी केलं आणि विरघळणारा तंतू वाढवला की एलडीएल उतरतं, यावर वैद्यकात आता वाद नाही. ओट्स, राजमा-चवळीसारखी कडधान्यं, वांगी, भेंडी हे त्यातलेच. चालणंही सोडू नका, ते फुकट आहे.

परसदार

आमच्याकडे हा बदल मुरला त्याचं श्रेय माझ्या सासूबाईंचं. 'तूप बंद' असं मी एकदाही म्हटलं नाही. उलट त्यांना विचारलं, तुमच्या माहेरी पावसाळ्यात काय करायचे हो? त्या दिवशी चाकवताची पातळ भाजी झाली, मग कधी कुळथाचं पिठलं, कधी ताक न घालता चिंचेच्या कोळातली अंबाडी. कडव्या वालांची डाळिंबी उसळ तर त्यांच्याशिवाय कुणाला जमत नाही. आता 'हल्लीच्या मुलींना वाल सोलता येत नाहीत' असं ऐकवत त्याच रोज काहीतरी भिजत घालतात. स्वयंपाकघराचा ताबा त्यांच्याकडे गेला म्हणून मैत्रिणी मला हसतात. हसू देत.

मोहरी, तुझ्या आईंच्या तुपाला हात लावू नकोस गं. एक चमचा तुपाने घर बुडत नाही. नैवेद्य, पंचामृत, श्राद्धाची खीर हेही जसंच्या तसं ठेव. घरात जाणारं तेल-तूप बहुतेक तळणीतून आणि फोडणीतून जातं, नैवेद्याच्या वाटीतून नाही.

शेपू_नको

फोडणीवरून आठवलं. तिकडचे, अमेरिकेतले लोक तेलाशिवाय पाण्यात कांदा परततात. मी करून पाहिलं. घरात हॉस्पिटलच्या जेवणाचा वास सुटला. मोहरी तडतडायला तेल लागतंच.

परसदार

मोहरी तडतडायला लागतं, भाजी शिजायला नाही! लोखंडी कढईत दोन छोटे चमचे तेल, मोहरी-हिंग-हळद, वर भाजी, आणि झाकणाच्या खोलगट ताटलीत पाणी. वाफ आतल्या आत फिरते आणि भाजी खाली लागत नाही. ताटलीतलं पाणी गरम झालं की तेच भाजीत घालायचं. पूर्वी सगळ्या घरांत असंच होतं, कढईत तेलाचं तळं नंतर आलं. आणि बरणीतून थेट धार सोडायची सवय मोडा. मापाचा चमचा बरणीलाच बांधून ठेवा. भाजीला दाटपणा हवा तर दाण्याचं नाहीतर तिळाचं कूट, नाहीतर डाळीच्या पिठाचा हात.

तिसऱ्या

गोव्याहून लिहितेय. आमच्याकडे दूध-तुपापेक्षा मासे सोडणं महाकठीण, आणि मी ते सोडायला सांगणारही नाही. पण श्रावणात आमचं घर महिनाभर शाकाहारी असतं आणि कोणी कुरकुरत नाही. तोणाक होतं, खतखतें होतं, मुगागाठी होते, तायकिळ्याची भाजी फणसाच्या आठळ्या घालून होते. मी एवढंच केलं की श्रावणातले दोन-तीन वार वर्षभर पसरले. नवीन काही शिकवावं लागलं नाही, सगळ्यांच्या जिभेला ते ओळखीचंच होतं.

एक शंका. नारळाशिवाय आमचं पान हलत नाही. नारळ चालतो का?

स्टेथो

खोबरेल तेलात जवळजवळ ९० टक्के सॅच्युरेटेड फॅट असतं, त्यामुळे एलडीएल वाढलेल्याने ते रोजच्या स्वयंपाकाला टाळावं. ओला नारळ खवून वाटणात थोडा घातला तर त्यासोबत तंतूही येतो. पण अख्ख्या नारळाच्या घट्ट रसातली आमटी रोज नको. सोलकढी पातळ करा. आणि मासे आवडीने खात असाल तर तळण्याऐवजी हुमण करून खा, त्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

निवडक

सगळं वाचलं. कुणालाच एक प्रश्न कसा पडला नाही? रोज २ किलो भाजी निवडायची कोणी? मेथीच्या दोन जुड्या, गवार, घेवडा, वालाची सालं, भाकऱ्या थापणं, वर मोड आणणं. पोळीवाल्या मावशी भाकरीचे पैसे वेगळे मागतात, आणि मागायलाच हवेत, वेळ जास्त जातो. 'आरोग्यदायी आहार' हे घरातल्या बाईच्या डोक्यावरचं आणखी एक ओझं असेल तर तो टिकणार नाही. माझ्या ओळखीत हे ज्या घरांत फसलं, त्यातल्या बहुतेक घरांत कारण हेच.

आमच्याकडे नियम साधा आहे. टीव्ही लावायचा असेल तर पुढ्यात परात घेऊन बसायचं. क्रिकेट असलं की घेवड्याच्या शिरा कशा निघतात बघा. मुलगा लसूण सोलतो. नवऱ्याने सुरुवातीला मेथीच्या काड्याही भाजीत टाकल्या, मी तशीच केली भाजी. पुढच्या वेळी नीट निवडली.

रिकामटेकडा

+१००. हा प्रतिसाद फ्रेम करून फ्रिजवर लावावा. (नवऱ्यांतर्फे निषेध नोंदवून.)

एडिसनकर

निवडक, अगदी खरं. आम्ही फ्रोझन भाज्या बिनधास्त वापरतो. मटार, फरसबी, पालक सगळं निवडलेलं येतं. रविवारी छोले आणि राजमा एकदम शिजवून डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवतो. तिकडे घेवडा निवडायला नवरे मिळत नसतील तर हा उपाय.

मोहरी

निवडक, साष्टांग नमस्कार. आजपासून परात हॉलमध्ये.

मुलाच्या डब्याचं काय करू तेवढं सांगा ना. उसळ दिली की डबा तसाच परत येतो.

शेपू_नको

माझी लेकही त्याच वयाची. उसळ हा शब्दच घरात काढायचा नाही. मटकी तीच, पण मिसळ म्हणून दिली की दोन वाट्या संपते. तर्री कमी, कांदा-लिंबू भरपूर, फरसाण वरून चिमूटभर, आणि पावाऐवजी ज्वारीची भाकरी कुस्करून. छोले, राजमा त्यांना आधीच आवडतात, त्यावर भर द्या. हिरव्या मुगाची धिरडी आणि पुदिन्याची चटणी डब्यात छान राहते. पावभाजीत फ्लॉवर, मटार, दुधी वाढवून बटाटा निम्मा करा, कुणाला पत्ता लागत नाही. शेपू मात्र मी अजूनही कशात लपवू शकलेले नाही.

वाढत्या मुलाची भूक मोठी असते. नुसत्या भाज्या-तंतूंनी पोट लवकर भरतं पण कॅलरी कमी पडतात. त्याला दाण्याचा लाडू, केळं, खजूर, तिळाची चिक्की द्या. मोठ्यांसारखं तेल मोजत बसू नका त्याच्या बाबतीत.

परसदार

आणि गॅसेसचं कोणी बोललंच नाही! एकदम ४ किलोवरून पावणेतेरा किलोवर उडी मारलीत तर घरात बंड होईल. आधी मूग, मग मटकी, मग चवळी. छोले-राजमा सगळ्यात शेवटी. भिजवलेलं पाणी फेका, हिंग-आलं घाला, आणि सुरुवातीला रात्री नको, दुपारी खा. पोटाला सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

हुलगा

मोड आणायचे तर मटकी रात्रभर भिजवून सकाळी फडक्यात घट्ट बांधा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात. थंडीत फडकं डब्यात घालून तो चुलीच्या उबेला नाहीतर बंद ओव्हनमध्ये ठेवा. फडकं ओलं हवं, गळकं नको, नाहीतर चिकट होऊन वास येतो.

स्टेथो

कॅल्शियमचं राहिलं होतं. गाईच्या १०० मिलि दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. पॉलिश न केलेले तीळ तर हजाराच्या वर जातात, पण तीळ आपण खाणार चमचाभर. म्हणून रोज एक नाचणीची भाकरी किंवा आंबील, तिळाची चटणी, आठवड्यातून दोनदा शेवग्याचा पाला असं जुळवा. पालकावर भिस्त ठेवू नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा, आणि जेवल्यावर लगेच चहा नको, त्याने लोहाचं शोषण कमी होतं. जवसाची चटणीही रोज असू द्या. ओमेगा-३ साठी शाकाहाऱ्यांना तो सगळ्यात स्वस्त मार्ग.

साशंक

चहाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. दुधाचा चहा पिऊन 'प्लांट-बेस्ड' (वनस्पतीजन्य आहारवाले) म्हणवून घेणार का?

निवडक

म्हणवून घ्यायचंय कुणाला? नानांची साखर उतरवायचीय.

सोया दूध उकळत्या चहात फाटतं. चहा जरा निवल्यावर घातलं तर टिकतं, पण चव वेगळी लागते ती लागतेच. आमच्याकडे सकाळचा पहिला चहा दुधाचाच, साखर अर्धा चमचा. दुपारचा कोरा, गवती चहा आणि आलं घालून. खरी काटछाट केली ती खारी, बटर आणि मारीची. चहासोबत बशीत चार बिस्किटं यायची, तिथे आता भाजलेले चणे येतात. चहा सोडायचा हट्ट धरला असता तर पहिल्याच आठवड्यात सगळं बारगळलं असतं.

प्राण्यांच्या प्रेमापोटी जे दूध पूर्ण सोडतात त्यांच्याबद्दल आदर आहे. त्यांचं कारण वेगळं, त्यांनी जरूर सोडावं.

मोहरी

अपडेट देते. या महिन्याची यादी: तेल ४ लिटर, साखर दीड किलो, डाळ-कडधान्यं ८ किलो (पोटांची काळजी घेऊन!), ज्वारी ७ किलो, नाचणी २, जवस आणि तीळ अर्धा-अर्धा. मैदा नाही. साबुदाणा नानांनी स्वतःच खोडला. उपासाला राजगिऱ्याची भाकरी आणि दाण्याची आमटी चालेल म्हणाले. बिल जवळपास तेवढंच आलं. तेल-बिस्किटांत वाचलेले पैसे ज्वारी आणि फळांत गेले.

नानांचं बी१२ खरंच खूप कमी निघालं, डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केलीत. साखरेच्या गोळीचा डोसही त्यांनी पुन्हा बघितला. एचबीए१सी अजून करायचंय. एलडीएल पण. तेव्हा आकड्यांबद्दल आत्ता काहीच बोलत नाही.

आईंचं तूप चालू आहे. त्यांनी स्वतः भाजणी करायची ठरवलीय, कडधान्यं जास्त घालून. कोणाकडे खात्रीचं प्रमाण आहे का?

परसदार

हे घे: ज्वारी ४ वाट्या, बाजरी २, तांदूळ १, हरभराडाळ २, अख्खे मूग १, मटकी १, उडीदडाळ १, धणे अर्धी वाटी, जिरे दोन चमचे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाज. उडीद लालसर झाला पाहिजे, मूग-मटकी तडतडेपर्यंत. गार झाल्याशिवाय गिरणीत नेऊ नकोस, आणि गिरणीवाल्याला गव्हावर दळायला सांग, मिरचीवर नको. थालीपीठ थापताना किसलेला दुधी नाहीतर मेथी पिठाइतकीच घाल. तव्यावर मधल्या भोकात चार थेंब तेल, वर झाकण.

हुलगा

त्यात एक वाटी हुलगे पण घाला. आधी कोरडे भाजून भरडून घ्या म्हणजे साल निघतं.